मागच्या गल्लीचं वायफाय

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी आई म्हणायची, "ही पोरगी भांडण विसरत नाय, लोणच्यावाणी मुरवत ठिवती." लहानपणी मला त्याचा राग यायचा. लग्नानंतर पिशोरहून शहरात आले, काही वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, मग शहराच्याच कडेला, सातारा परिसरात डोंगराच्या पायथ्याशी आम्ही घर बांधलं. तिथं राहायला गेलो आणि पाठोपाठ दुष्काळाची वर्षं आली. आईनं मला किती नेमकं ओळखलं होतं, ते तेव्हा कळलं.

आमची वसाहत म्हणजे ज्वारीचं शेत मोडून पाडलेले तीस प्लॉट. रस्ता मुरमाचा, ड्रेनेज नकाशात, नळाची लाइन 'येतेय'. लाइन येतेय म्हणून सगळ्यांनी हौसेनं न्हाणीघरात पितळी तोट्या बसवून घेतल्या होत्या, आणि बायका त्या चिंचेनं घासून लख्ख ठेवायच्या. जागा खोलगट, त्यात डोंगर आडवा, त्यामुळं मोबाइलची रेंजही नव्हती. पुढची गल्ली चढावर होती, मागची ओढ्याकडं उतरलेली. आम्ही मागच्या गल्लीतले, सहा घरं.

निवडणुकीच्या तोंडावर कुणा पुढाऱ्यानं वसाहतीच्या सभागृहावर वायफायची पेटी बसवून दिली. खाली पाटी लावली, 'सर्वांसाठी मोफत'. प्यायला पाणी नाही, पण इंटरनेट आलं. त्या पेटीचा सिग्नल पुढच्या गल्लीच्या ओट्यांपर्यंत पोचायचा आणि तिथंच बसकण मारायचा. आमच्या गल्लीत तो फक्त गच्चीवर, कठड्याला चिकटून उभं राहिलं तर, एखाद्या रेघेपुरता दिसायचा.

पाणी टँकरचं, तेही दोन दिवसांआड. एका टँकरमध्ये बारा घरांचे ड्रम भरत. तीस घरं आणि बारा घरांचं पाणी, म्हणजे दर टँकरला हमरीतुमरी. एकदा दोन बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या, तेव्हा अध्यक्षांनी नियम काढला. अध्यक्ष म्हणजे पुढच्या गल्लीतले एक निवृत्त हेडक्लार्क. जन्मभर फायली अडवलेला माणूस, त्याला नियम काढायला किती वेळ लागणार? टँकर भरून निघाला की सभागृहाचा वॉचमन वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवणार, आणि ज्यांचे पहिले बारा 'हो' येतील त्यांच्याच दारात पाइप जाणार. "याहून पारदर्शक काय असतं?" असं ते मीटिंगमध्ये म्हणाले. पुढच्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? त्यांना ओट्यावर बसल्या बसल्या मेसेज मिळणार होता. आमच्या फोनवर तो टँकर रिकामा होऊन गेल्यावर वाजायचा.

ग्रुपमध्ये घरटी एकच नंबर होता आणि तो घरच्या पुरुषाचा. माझा नवरा वाळूजच्या कंपनीत, तिथं फोन गेटवर जमा करावा लागायचा, म्हणून भांडून मी माझा नंबर घालायला लावला. एकोणतीस बाप्ये आणि मी. टँकरच्या दिवशी आमच्या गल्लीतली कुणीतरी एक बाई घरच्याचा फोन मागून घेऊन सभागृहाच्या पायरीवर बसायची. तिचा एकटीचा नंबर लागायचा, आणि तिच्या दोन ड्रममधून आम्ही सहा घरं हंडे उचलायचो. असं चाललं होतं. वाईट होतं, पण चाललं होतं.

मग एका पहाटे माझे सासरे गेले.

घरात होतं नव्हतं ते पाणी त्यांना शेवटची आंघोळ घालण्यात संपलं. त्या दिवशी टँकरची पाळी आहे हे कुणाच्याही ध्यानात राहिलं नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं होत्या. पायरीवर कोण बसणार? अंत्ययात्रा वळणावरून गेली आणि पाठोपाठ टँकर आला, पुढच्या गल्लीत रिकामा झाला आणि निघून गेला.

दुपारी दोन वाजता माणसं स्मशानातून परत आली. वीस-पंचवीस जण, उन्हानं काळवंडलेले. आमच्यात आंघोळ केल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. ते सगळे फाटकाबाहेर थांबले आणि मी आत रिकाम्या ड्रममध्ये वाकून बघत राहिले, जणू बघितल्यानं पाणी येणार होतं. मग तशीच अनवाणी अध्यक्षांकडं गेले. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. सकाळी दोन मिनिटं हात जोडून गेले होते. गुडघ्याचं कारण सांगून स्मशानात आले नव्हते.

"काका, चार बादल्या द्या," मी म्हणाले. "माणसं दाराबाहेर उभी आहेत. आंघोळी नाही, निदान हातपाय तरी धुतील."

त्यांनी चष्मा वर केला, फोन उघडला आणि मला मेसेज दाखवला. "हे बघा ताई, ग्रुपवर टाकलं होतं. नियम सगळ्यांना सारखा. आज तुम्हाला दिलं तर उद्या इथं रांग लागेल." एवढं बोलून पुन्हा हात जोडले आणि म्हणाले, "वाईट झालं हो, भला माणूस होता."

मी रिकाम्या हातानं परतले. नवऱ्याच्या मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काय ते ओळखलं. त्यांनी शेजारून पिण्यातलं तांब्याभर पाणी मागवलं, त्यात कडुलिंबाची डहाळी बुडवून प्रत्येकाच्या अंगावर पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "झाली आंघूळ. घरी जाऊन करा ज्याची त्यानं." बापाला अग्नी देऊन आलेला माझा नवरा स्वतःच्या फाटकात तसाच वाळत उभा होता.  त्याचं ते उभं राहणं मला आजही सहन होत नाही. त्याच क्षणी मी ठरवलं, त्या अध्यक्षाला पाण्यासाठी रडवलं नाही तर नावाची नाही.

दिवसकार्य आटोपलं आणि मी कामाला लागले. जुन्या भाड्याच्या घरात आमच्याकडं वायरवालं इंटरनेट होतं. त्याचा राउटर इथं कपाटात धूळ खात पडला होता. पायरीवर बसायची माझी पाळी आली की मी तिथल्या फुकट वायफायवर व्हिडिओ बघायची आणि वहीत उतरवून घ्यायची. राउटरला रिपीटर करायचं. म्हणजे त्यानं लांबचा सिग्नल पकडायचा आणि आपल्या ताकदीनं पुढं ढकलायचा. कन्नड गावातल्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झालेली, त्या पदवीचा लग्नानंतर हा पहिला उपयोग. चार दिवस फोनवर त्या राउटरच्या सेटिंगच्या पानांशी झटापट केली. पाचव्या दिवशी गच्चीवरून खाली आले, स्वयंपाकघरात फोन उघडला, तर सिग्नलच्या चारही रेघा भरलेल्या! मी ओट्याला टेकून हसत बसले. सासू म्हणाली, "काय झालं गं? सासऱ्याला जाऊन महिना नाय झाला." मी म्हटलं, "त्यांच्याच कामाला लागलेय."

गच्चीवरचं ऊन मात्र भयंकर. दुपारी राउटर तापून गप्प व्हायचा. त्यावर मी तडा गेलेला माठ पालथा घातला, वायर जायला खाली दोन विटा ठेवल्या. मातीतून सिग्नल जातो, ऊन जात नाही. तरी माठ तापायचा. मग मी आमच्या सगळ्यांच्या हाडात भिनलेलं काम केलं, माठाला ओलं फडकं गुंडाळलं. माठ तापला की फडकं ओलं करायचं, यात विचार कसला करायचा? आणि सिग्नल गेला. दोन दिवस मी वायरी तपासल्या, राउटरला शिव्या दिल्या, अध्यक्षांनी काही करणी केली असं सासूसुद्धा म्हणायला लागली. आणि मी इमानेइतबारे दिवसातून तीनदा, पिण्याच्या पाण्यातलं पाणी तोडून, फडकं भिजवत होते. शेवटी समोरची शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "आगं, प्यायला पाणी नाय अन् त्या डब्याचे काय लाड लावलेत? काढ ते फडकं." चिडून काढलं. फडकं वाळलं, माठ वाळला, आणि रेघा परत आल्या. पाणी सिग्नल गिळतं, हे मी कॉलेजात शिकले होते, पेपरात लिहिलंही होतं. शिवणवालीपुढं मी ते कबूल केलं नाही.

पुढच्या टँकरला गंमत झाली. वॉचमनचा मेसेज पडला आणि मिनिटाच्या आत मागच्या गल्लीचे सहा 'हो' ओळीनं. फोन त्या दिवशी बाप्यांनी घरीच ठेवले होते. मी प्रत्येकीला बजावलं होतं, स्वयंपाक करताना फोन पोळपाटाशेजारी ठेवायचा. पाइप आमच्या उतारावर आला तेव्हा समोरची सत्तर वर्षांची मावशी ड्रमभोवती हळदीकुंकू वाहायला निघाली. मला मात्र पाण्यापेक्षा पुढच्या गल्लीकडं बघण्यात रस होता. तिथं नेहमी पाणी मिळणारी पाच घरं या वेळी कोरडी राहिली होती. अध्यक्षांचं त्यात नव्हतं, पण सुरुवात तर झाली होती.

महिन्याभरात पुढची गल्ली कुरकुरायला लागली. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, सार्वजनिक वायफायची ही चोरी आहे. मी उठून पाटीकडं बोट दाखवलं. 'सर्वांसाठी मोफत'. आम्ही सर्वांत येतो की नाही, तेवढं अध्यक्षांनी सांगावं. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "नियमात तर बसतंय." स्वतःच्या नियमाचा घास त्यांना स्वतःच गिळावा लागला, आणि मी तो त्यांच्या घशाखाली उतरताना डोळे भरून पाहिला.

त्यानंतर तेच एका सकाळी माझ्या फाटकाशी आले. त्यांच्या घराची मागची भिंत आमच्या गल्लीकडं होती. सभागृहाचा सिग्नल त्यांना फक्त पुढच्या ओट्यावर मिळायचा. माझा त्यांच्या झोपायच्या खोलीत पलंगापर्यंत जायचा. "ताई, आत बसल्या बसल्या तुमचं वायफाय दिसतं हो, चांगलं फुल्ल. तेवढा पासवर्ड दिलात तर... ओट्यावर ऊन येतं सकाळी."

माझ्या नवऱ्याला घामानं निथळत फाटकाबाहेर उभं करणाऱ्याला ओट्यावरचं ऊन लागत होतं. मी गोड हसले. "त्यात काय काका, घ्या की!" असं म्हणून त्यांच्याच फोनमध्ये पासवर्ड घालून दिला. मग गच्चीवर गेले. राउटरच्या पानावर प्रत्येक फोनला वेगाची मर्यादा बांधता येते, हे मी वहीत कधीचं लिहून ठेवलं होतं. त्यांच्या फोनला मी इतकी कमी मर्यादा बांधली की त्यातून मुंगीनं जाताना अंग चोरावं. त्यांच्या फोनवर दिवसभर 'शुभ सकाळ'ची फुलं, देवांचे फोटो, कुणाकुणाची भाषणं उतरत असायची. त्या गर्दीत बिचारा एक 'हो' अडकून पडायचा. रेघा मात्र चारही भरलेल्या. कसला संशय येणार? त्यांचा 'हो' यायचा तेरावा, पंधरावा, कधी टँकर निघून गेल्यावर. आणि वर मला रस्त्यात भेटून म्हणायचे, "ताई, तुमच्या वायफायमुळं लई आराम झाला. पाण्याचंच काय ते नशीब फिरलंय."

दोन महिने हे चाललं. मला झोप छान लागायची. कुणी म्हणेल, बाई, एवढा द्वेष बरा नव्हे. मी म्हणते, तुमच्या घरातली माणसं मसणातून येऊन फाटकाबाहेर उभी राहू द्या, मग या सांगायला.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती. अध्यक्ष सुकत नव्हते. रोज सकाळी शर्ट कडक इस्त्रीचा, केस ओले विंचरलेले, कपाळाला गंध. टँकर नाही, बोअर आटलेलं, मग हा माणूस आंघोळ कशानं करतो? चोरून टँकर मागवतो की काय, म्हणून मी पाळतसुद्धा ठेवली. काही सापडलं नाही.

एका दुपारी फाटक वाजलं. अध्यक्षांची बायको होती. साठीची बाई, नवऱ्याच्या मागं दोन पावलं चालणारी. तिचा आवाज मी तोवर धड ऐकलाही नव्हता. कमरेवर एक हंडा, हातात एक.

"पोरी, दोन हंडे पाणी देतेस का?" ती म्हणाली. "ओढ्यापलीकडच्या शेतातल्या विहिरीवरून आणते मी रोज. आज नुसता गाळ आला. ह्यांची संध्याकाळची आंघोळ व्हायचीय."

"रोज? तुम्ही?" मी विचारलं. ती विहीर चांगली पंधरा-वीस मिनिटं चालून होती, आणि येताना सगळा चढ.

"आमचा नंबर लागेनासा झाला ना तेव्हापासून. सकाळी चार खेपा, संध्याकाळी दोन. ह्यांना दोन्ही वेळा आंघोळ लागते. सवय आहे."

"आणि काका नाही येत आणायला?"

"ते कशाला येतील?" तिनं अगदी सरळपणानं विचारलं. "त्यांना वाटतं, होतं कुठून तरी. विचारत नाहीत ते."

मी तिला अंगणात ड्रमपाशी बसवलं आणि नळी हंड्यात सोडली. तिनं पदरानं मान पुसली. तिच्या अंगाला आंबूस वास येत होता; ती स्वतः कितव्या दिवशी आंघोळ करत होती कुणास ठाऊक. तळहाताला घट्टे पडले होते, एक फुटून लाल झाला होता. मी ते बघतेय हे पाहून तिनं हात मिटला.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "तुझे सासरे गेले त्या दिवशी तू पाणी मागायला आलीस ना, तेव्हा मी दाराआड उभी होते. आमचे दोन्ही ड्रम काठोकाठ होते. मला सगळं ऐकू आलं. वाटलं, एक बादली उचलावी आणि मागच्या दारानं तुझ्याकडं यावं. पाय उचललाच नाही. ह्यांच्या पुढं जन्मात कधी बोलले नाही, त्या दिवशीही नाही बोलले. म्हणून आता हंडा डोक्यावर घेतला की स्वतःलाच म्हणते, भोग बाई. देव त्या दिवशी बघत होता."

देव बघत नव्हता. मी बघत होते, गच्चीवर, माठाशेजारी उकिडवी बसून. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि तिच्या मिटलेल्या हाताकडं बघत राहिले. तिच्या नवऱ्याला मी दोन महिने तहानेनं व्याकूळ करत होते असं मला वाटत होतं. त्याच्या अंगावरचा पाण्याचा एक थेंब कमी झाला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी.

"अगं, सांडतंय!" ती ओरडली. हंडा कधीचा भरून वाहत होता. तिनंच वाकून नळी बंद केली आणि खाली सांडलेलं पाणी तुळशीकडं वळवायला हातानं मातीत रेघ ओढली.

दोन्ही हंडे मीच उचलून तिच्या घरी पोचवले. अध्यक्ष ओट्यावर होते. "अरे ताई, तुम्ही कशाला त्रास घेतला?" असं म्हणाले आणि पाय किंचित बाजूला घेतले, मला जाता यावं म्हणून. त्या क्षणी हंडा त्यांच्या डोक्यावर उपडा करावा असं मनात आलं. पण पुढची खेप तिलाच पडली असती.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी त्यांच्या फोनची मर्यादा काढून टाकली. पुढच्याच टँकरला त्यांचा 'हो' तिसरा आला. ते वसाहतभर सांगत फिरले की शेवटी चिकाटी लागते.

चार-पाच दिवसांनी ती पुन्हा फाटकाशी आली, या वेळी वाटीत साखरफुटाणे घेऊन. केस धुतलेले होते, ओल्या केसांचा अंबाडा मानेवर टेकला होता. कुठल्याशा देवाला नवस बोलली होती, तो फेडून आली होती.

"घे पोरी, प्रसाद," ती म्हणाली आणि माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले. "देवानं ऐकलं गं माझं."

मी ते तोंडात टाकले. ती समोर उभी होती, म्हणून गिळावे लागले.